ग्रॅममागे किती किलोमीटर?

२०२५च्या नोव्हेंबरात मणिपूरच्या तामेंगलाँग जिल्ह्यात भारतीय वन्यजीव संस्थेच्या शास्त्रज्ञांनी तीन अमूर ससाण्यांच्या पाठीवर उपग्रह-टॅग बसवले आणि पक्षी सोडून दिले. तिघांची नावं अपापांग, अलांग आणि आहू. अपापांग हा पूर्ण वाढलेला नर. तो निघाला तो आधी मध्य भारत आणि मग अरबी समुद्र ओलांडून थेट पूर्व आफ्रिकेत पोहोचला. अंतर भरलं सुमारे ६,१०० किलोमीटर आणि वेळ लागला सहा दिवस आठ तास. वाटेत मुक्काम नाही. खाली अडीच-तीन हजार किलोमीटर नुसतं पाणी असताना मुक्काम करणार तरी कुठे?

सहा दिवस आठ तास म्हणजे १५२ तास. भागाकार केला तर वेग निघतो ताशी चाळीस किलोमीटर. हा आकडा ऐकून कुणी तोंडात बोट घालणार नाही. शिकारी पक्षी म्हटल्यावर आपल्याला सूर मारणारा बहिरी ससाणा आठवतो, त्याच्यापुढे चाळीस म्हणजे काहीच नाही. पण चाळीसचा हा वेग दिवस-रात्र, १५२ तास, पंख न मिटता टिकवायचा आहे, आणि तो टिकवणाऱ्या पक्ष्याचं वजन आहे दीडशे ग्रॅमच्या आसपास. चोचीपासून शेपटीच्या टोकापर्यंत मोजला तर हा ससाणा एक फूटसुद्धा भरत नाही.

स्थलांतराच्या बातम्यांत किलोमीटर ठळक अक्षरांत येतात आणि वजन कुठेतरी शेवटच्या ओळीत. माझ्या मते हे उलटं हवं. सहा हजार किलोमीटर हा आकडा एकटा असला की फारसा काही सांगत नाही; मुंबईहून विमानात बसलेला माणूस तेवढं अंतर जेवून, झोपून पार करतो. त्याला दीडशेने भागलं की तो बोलू लागतो. ग्रॅममागे चाळीस किलोमीटर. सत्तर किलोच्या माणसाला हेच प्रमाण लावलं तर उत्तर येतं अठ्ठावीस लाख किलोमीटर, म्हणजे पृथ्वी ते चंद्र हे अंतर सातदा. हा हिशेब शास्त्राला धरून नाही, शरीर मोठं झालं की उड्डाणाचं गणित साफ बदलतं, हे कबूल. पण दिवाळी उलटल्यावर आपल्या डोक्यावरून काय चाललेलं असतं याचा अदमास घ्यायला असा आडमुठा हिशेबच कामाला येतो.

अमूर ससाण्याची वीण होते आग्नेय सायबेरियात, ईशान्य चीनमध्ये आणि मंगोलियाच्या पूर्व भागात. हिवाळा काढायचा आफ्रिकेच्या दक्षिण भागात. जाऊन-येऊन वर्षाची फेरी वीस हजार किलोमीटरच्या पुढे जाते. या फेरीतला अवघड टप्पा समुद्राचा, आणि समुद्रावर निघण्याआधी पोट भरून घ्यायला त्याने जागा निवडली आहे ती ईशान्य भारताची. ऑक्टोबर-नोव्हेंबरात नागालँड-मणिपूरच्या डोंगरांत जमिनीतून पंख फुटलेली वाळवी उसळून वर येते. एक वाळवी म्हणजे ग्रॅमचा बारीकसा अंश. पण ती कोट्यवधींनी येते आणि तिच्यात चरबी ठासून भरलेली असते. चार-सहा आठवडे ससाणे ती टिपतात, अंगावर चरबी चढवतात, आणि वारा बरा दिसला की निघतात.

नागालँडच्या वोखा जिल्ह्यात डोयांग नदीवर धरण झालं, त्यामागे पाणी साठलं, आणि त्या जलाशयाच्या आसपास या ससाण्यांचा प्रचंड रातथारा बसू लागला. अमूर ससाणे जगात एकूण किती याचे अंदाज दहा लाखांच्या पुढे जातात. त्यातला मोठा हिस्सा वर्षातले काही आठवडे मोजक्या खोऱ्यांत एकवटतो. २०१२च्या ऑक्टोबरअखेर बानो हरालू, रामकी श्रीनिवासन, रोकोहेबी कुओत्सु आणि शशांक दळवी हे चौघे निसर्गसंरक्षक तिथे पोहोचले तेव्हा त्यांना दिसलं ते असं : रातथाऱ्याच्या वाटेवर उंच बांबूंवर मासेमारीची जाळी ताणलेली, आणि त्यांत ससाणे अडकलेले. ते जिवंत सोडवून, बांधून, विकायला नेले जात होते. चौघांनी जाळी मोजली, जाळ्यामागचे पक्षी मोजले, माणसांशी बोलले. अंदाज निघाला ऐन हंगामात रोज बारा ते चौदा हजार पक्षी, आणि असे साधारण दहा दिवस. म्हणजे एका हंगामात एक लाख वीस ते एक लाख चाळीस हजार.

पुन्हा ग्रॅमकडे येऊ. एक लाख चाळीस हजार गुणिले दीडशे ग्रॅम म्हणजे एकवीस टन. वाळवी खाऊन समुद्र ओलांडायला सज्ज झालेले एकवीस टन पक्षी बाजारात गेले.

पुढच्याच वर्षी, २०१३च्या हंगामात, त्या परिसरात ससाणा मारल्याची एकही नोंद झाली नाही. पांगती आणि आजूबाजूच्या गावांच्या ग्रामसभांनी बंदी घातली, चर्चमधून सांगितलं गेलं, वनखातं उभं राहिलं, तरुण पोरं राखणीला बसली. लाखावरून शून्यावर, तेही बारा महिन्यांत. वन्यजीवांच्या बाबतीत वर चढणारे शून्य आपण पुष्कळ ऐकतो, हे खाली उतरून आलेलं शून्य मला सगळ्या आकड्यांत भारी वाटतं. त्याच नोव्हेंबरात तीन ससाण्यांना भारतात पहिल्यांदा उपग्रह-टॅग लागले आणि त्यांची नावं ठेवली गेली नागा, वोखा आणि पांगती. त्यातल्या नागाने साडेपाच हजारांहून अधिक किलोमीटर अंतर पाच-साडेपाच दिवसांत न थांबता कापल्याचं दिसलं तेव्हा समुद्र ओलांडण्याच्या कथेला घड्याळ आणि नकाशा मिळाला. टॅगचं वजन होतं पाच ग्रॅम. दीडशे ग्रॅमच्या पक्ष्याच्या पाठीवर तेवढंही ओझं देताना शास्त्रज्ञ मांजरीच्या पावलांनीच जातात. पक्ष्याच्या वजनाच्या तीन ते पाच टक्क्यांपलीकडे जायचं नाही, असा दंडक आहे.

महाराष्ट्राचं यात काय? नकाशावर ईशान्य भारत ते सोमालिया अशी रेघ ओढा, ती मध्य भारत कापून पश्चिम किनाऱ्यावर कुठेतरी समुद्रात उतरते. म्हणजे आपण ऐन वाटेवर आहोत. २०२५च्या त्रिकुटातली अलांग ही वर्षाच्या आतबाहेरची तरुण मादी. तिने ५,६०० किलोमीटरला सहा दिवस चौदा तास घेतले, कारण तिने एक रात्र तेलंगणात काढली आणि मग महाराष्ट्रात तीनेक तास विसावा घेतला. तीन तास! आपल्या राज्याच्या पदरात एवढंच. नोव्हेंबरअखेर आणि डिसेंबरच्या सुरुवातीला लोणावळ्याच्या वरच्या गवताळ पठारांवर पुण्या-मुंबईचे पक्षी-निरीक्षक भल्या पहाटे गाड्या लावून का उभे असतात, ते या तीन तासांवरून कळावं. तिथे अमूर ससाणे दिसतात. कधी दोन-चार, कधी बरेच. लालचुटुक पाय, नराच्या पंखांखालचा पांढरा पट्टा, वाऱ्यावर तरंगत चतुर पकडायचा आणि उडता उडताच पायांतून चोचीत घ्यायचा. ज्यांनी पाहिला ते महिनाभर सांगत सुटतात. पण जितके दिसतात त्याच्या कितीतरी पट न दिसता निघून गेलेले असतात, हजारभर मीटरवरून किंवा रात्रीच्या अंधारातून. आपण ज्याला ‘दुर्मीळ नोंद’ म्हणतो ती पुष्कळदा एका प्रचंड गर्दीची गळती असते.

ससाण्याने पकडलेला तो चतुर मात्र सहज सोडून देण्यासारखा नाही. पावसाळा सरताना शेतांवर, मैदानांवर, इमारतींच्या गच्चीपाशी पिवळसर चतुरांचे थवे घिरट्या घालतात ते बहुतेक एकाच जातीचे, पँटाला फ्लेव्हेसेन्स. लांबी साडेचार सेंटिमीटर, वजन ग्रॅमच्या तिसऱ्या हिश्शाइतकं. चार्ल्स अँडरसन हे जीवशास्त्रज्ञ १९८०च्या दशकापासून मालदीवमध्ये राहात होते. दर ऑक्टोबरात बेटांवर चतुरांची झुंबड उडते हे त्यांनी पाहिलं आणि त्यांना कोडं पडलं, कारण चतुर अंडी घालतो गोड्या पाण्यात, आणि मालदीवच्या बाराशेच्या आसपास प्रवाळबेटांवर उघडं गोडं पाणी जवळजवळ नाहीच. मग हे येतात कुठून आणि कशाला? अँडरसन यांनी वर्षानुवर्षं तारखा टिपल्या. उत्तरेकडच्या बेटांवर आधी, दक्षिणेकडच्या बेटांवर नंतर, मग सेशेल्स, मग पूर्व आफ्रिका. २००९ साली त्यांनी मांडणी केली ती अशी : हे चतुर भारतातून निघतात, हजार मीटरच्या वर वाहणाऱ्या ईशान्येच्या वाऱ्यावर स्वार होतात, आणि आफ्रिकेत पाऊस सुरू होतो तेव्हा तिथे पोहोचतात. तिथल्या डबक्यांत पुढची पिढी. मग नैर्ऋत्य मॉन्सूनबरोबर परत भारत. एका फेरीला चार पिढ्या लागतात आणि अंतर भरतं चौदा ते अठरा हजार किलोमीटर. नुसता समुद्राचा टप्पाच साडेतीन हजार किलोमीटर किंवा त्याहून जास्त, आणि तो एकाच चतुराने ओलांडायचा.

भागाकार करा. ग्रॅममागे दहा हजार किलोमीटरच्या वर. अमूर ससाणा या हिशेबात अगदीच आळशी ठरला.

अँडरसन यांना आणखी एक गोष्ट दिसली. त्याच दिवसांत, त्याच वाऱ्यावर, त्याच दिशेने कीटक खाणारे पक्षीही जातात : अमूर ससाणे, चास, राघू, कोकीळ कुळातले काही. आपला चातकही पावसाळा आपल्याकडे काढून याच सुमाराला आफ्रिकेकडे वळतो. चतुरांचा तो उडता भंडारा या पक्ष्यांना समुद्रावर शिदोरी पुरवत असावा, असा अँडरसन यांचा तर्क. भर समुद्रात, अंधारात, ससाणा चतुर टिपतो हे कुणी दुर्बीण लावून पाहिलेलं नाही. तरी तारखा आणि वारे एवढे जुळतात की तर्क झटकून टाकता येत नाही. दीडशे ग्रॅमचा पक्षी अडीच-तीन हजार किलोमीटर समुद्रावरून जातो हे निव्वळ चरबीवर, की अधूनमधून एखादा घास मिळतो म्हणून, याचं उत्तर ज्या दिवशी मिळेल त्या दिवशी नोव्हेंबरातल्या चतुरांच्या थव्याकडे आपण वेगळ्या नजरेने पाहू.

न थांबता उडण्याच्या विक्रमाचं विचाराल तर तो ससाण्याकडे नाही. तो आहे पट्टेरी शेपटीच्या गॉडविटकडे, म्हणजे चिखलात लांब चोच खुपसणाऱ्या एका पाणपक्ष्याकडे. १३ ऑक्टोबर २०२२ रोजी अलास्कातून निघालेलं एक पिल्लू (पिल्लूच, वय पाच महिने) अकरा दिवस आणि एक तासाने टास्मानियात उतरलं. १३,५६० किलोमीटर, सगळा प्रशांत महासागर. पाणपक्षी असूनही तो पाण्यावर टेकू शकत नाही. टेकला तर संपला. निघण्याआधी हे पक्षी इतकी चरबी चढवतात की अंगाचा निम्मा भार तोच होतो, आणि त्या चरबीला जागा करण्यासाठी आतडी नि जठर आक्रसतात. अकरा दिवस खायचंच नाही तर आतडी उडवत न्यायची कशाला? निघताना वजन अर्ध्या किलोच्या आसपास धरलं तर ग्रॅममागे सत्तावीस किलोमीटर. म्हणजे विक्रमवीर असूनही आपल्या कोष्टकात तो ससाण्याच्या खाली. याच जातीचे पक्षी हिवाळ्यात आपल्या किनाऱ्यावरही दिसतात, पण ते वेगळ्या वाटेने येणारे, त्यांना असला महासागर ओलांडावा लागत नाही.

कोष्टकात सगळ्यात खाली येईल पट्टकदंब हंस. हा अडीच किलोचा गडी. मंगोलिया आणि तिबेटच्या पठारावरून हिमालय ओलांडून तो नोव्हेंबर-डिसेंबरात भारतात उतरतो. विदर्भातले तलाव, जायकवाडीचा नाथसागर, उजनी, इथे त्याची हजेरी लागली की स्थानिक निरीक्षकांचे फोन वाजू लागतात. चार हजार किलोमीटरचा प्रवास धरला तरी ग्रॅममागे जेमतेम दीड. पण त्याचा आकडा आडवा नाही, उभा आहे. हा हंस एव्हरेस्टच्या शिखरावरून उडत जातो असं गेली पन्नास-साठ वर्षं पुस्तकांत छापलं जातंय. गिर्यारोहकांच्या सांगण्यावरून ती गोष्ट पसरली. टॅग लावून प्रत्यक्ष मोजलं तेव्हा नोंदलेली कमाल उंची निघाली ७,२९० मीटर, आणि तीही अपवादानेच. बहुतेक प्रवास सहा हजार मीटरच्या खालूनच होतो. एव्हरेस्टपेक्षा दीड हजार मीटर कमी, म्हणून कुणी हिरमुसून जाईल. मला उलट मोजलेला आकडाच जास्त थक्क करतो. सात हजार मीटरवर हवेत प्राणवायू समुद्रसपाटीच्या निम्म्याहूनही कमी असतो. तिथे उभं राहायला माणसाला महिनाभर सवय करावी लागते. हा हंस पायथ्यापासून चार-पाच हजार मीटरची चढण सात-आठ तासांत मारतो, वाऱ्याची मदत न घेता, पंख हलवत. चढतो तोही पुष्कळदा रात्री, कारण थंड हवा दाट असते आणि दाट हवेत पंखांना पकड मिळते. शिवाय तो शहाणपणाने एकाच उंचीवर उडत राहात नाही. डोंगर उतरला की तोही उतरतो, पुढचा डोंगर आला की पुन्हा चढतो. मेहनत वाया गेल्यासारखी दिसते खरी, पण विरळ हवेत उंची टिकवून ठेवण्यापेक्षा हे स्वस्त पडतं असं २०१५ साली त्याच्या हृदयाचे ठोके मोजून सिद्ध झालं.

हंस, ससाणा, गॉडविट यांच्या पाठीवर टॅग बसतो म्हणून त्यांच्या गोष्टी आपल्याला ठाऊक. टॅग ज्यांना पेलत नाही त्यांचं काय? ऑक्टोबर लागला की सह्याद्रीतल्या झाडांच्या शेंड्यांवरून एक बारीक ‘च्यिस्वी’ असा आवाज येऊ लागतो. तो हिरवट पर्णवटवट्या. याचं वजन आठ ग्रॅमच्या आसपास. हातावर दहा रुपयांचं नाणं ठेवा, झालं तेवढंच. याची वीण बाल्टिक समुद्राच्या काठापासून सायबेरियापर्यंत आणि हिमालयातही होते. बाल्टिककडचे वटवटे सगळे पूर्वेला वळून भारतीय उपखंडात येतात. हेलसिंकी ते पुणे सरळ रेषेत मोजलं तरी सहा हजार किलोमीटर, म्हणजे ग्रॅममागे साडेसातशे. अर्थात हा पक्षी थांबत थांबत येतो, दर काही दिवसांनी किडे खाऊन पुन्हा भरून घेतो. ससाण्याच्या १५२ तासांशी त्याची तुलना रास्त नाही. पण तो प्रवास रात्रीचा करतो, एकट्याने करतो, आणि पहिल्या वर्षीचं पोर आईबापांशिवाय करतं. पाच ग्रॅमचा टॅग म्हणजे त्याच्या अंगाचा निम्म्याहून अधिक भार. त्याच्यावर फार तर अर्ध्या ग्रॅमचं, उजेडाच्या वेळा टिपून ठेवणारं यंत्र बसतं, आणि ते वाचायला वर्षाने तोच पक्षी पुन्हा पकडावा लागतो. आठ ग्रॅमचा एक विशिष्ट पक्षी, दोन खंडांच्या पसाऱ्यात!

अशा लहानग्यांची एकूण संख्या किती असावी? अमेरिकेत हवामानखात्याच्या रडारांवर रात्री पक्ष्यांचे ढग दिसतात, पावसासारखेच. १४३ रडारांच्या नोंदी चाळून शास्त्रज्ञांनी २०१८मध्ये हिशेब मांडला : दर शरदात सुमारे चारशे कोटी पक्षी कॅनडातून अमेरिकेत येतात आणि सुमारे चारशे सत्तर कोटी अमेरिकेच्या दक्षिण सीमेपार जातात. युरोपातून आफ्रिकेत जाणाऱ्या झाडावरच्या लहान पक्ष्यांचा अंदाज दोनशे दहा कोटींचा आहे. आपण आहोत मध्य आशियाई उड्डाणमार्गावर. तो तीस देशांवरून जातो आणि नुसत्या पाणपक्ष्यांच्याच १८२ स्थलांतरी जाती तो वापरतात. त्यात भर घाला काळ्या डोक्याच्या भारीटाची. तुर्कस्तान, बाल्कन, इराण इथे विणीला पसरलेला हा पिवळाधमक पक्षी हिवाळ्यात जवळजवळ सगळाच्या सगळा पश्चिम आणि मध्य भारतात येतो. युरोपातले बहुतेक पक्षी दक्षिणेला आफ्रिकेकडे जात असताना हा आग्नेयेला वळतो, ज्वारी-बाजरीच्या रानांत. एका अख्ख्या जातीचा हिवाळा आपल्या कणसांवर अवलंबून आहे, आणि शेतकऱ्याच्या गोफणीखेरीज त्याची दखल घेणारं फारसं कुणी नाही.

गोफण म्हटली की भोरड्या आल्याच. पळसमैना हे त्यांचं कागदावरचं नाव. सोलापूर-बारामतीकडे भोरडीच म्हणतात. मध्य आशिया आणि पूर्व युरोपातून त्या येतात, आणि संध्याकाळी रातथाऱ्यावर उतरण्याआधी हजारोंचा थवा आकाशात जे काही करतो ते पाहून मोजायचं सुचतच नाही. हजारो पक्षी क्षणात वळतात आणि एकमेकांवर आदळत नाहीत, हे होतं कसं? रोममध्ये हिवाळ्यात मैनांच्याच कुळातल्या स्टार्लिंगचे थवे असतात. तिथल्या रेल्वे स्थानकासमोरच्या पलाझ्झो मास्सिमोच्या गच्चीवर कॅमेरे लावून इटालियन भौतिकशास्त्रज्ञांनी थव्यातल्या दोन हजारांवर पक्ष्यांची एकाच वेळची जागा तीन मितींत काढली. त्या गटात ज्योर्जो पारिसी होते, पुढे २०२१चं नोबेल मिळालेले. त्यांना सापडलेला आकडा सहा-सात. प्रत्येक पक्षी फक्त जवळच्या सहा-सात शेजाऱ्यांवर लक्ष ठेवतो. थवा दाट असो की विरळ, शेजारी तेवढेच. हजारोंच्या हालचालीचं गुपित एक आकडी निघालं.

मोजणाऱ्या माणसाची पंचाईत मात्र त्याने सुटत नाही. थवा मोजायची रीत जुनी आहे : आधी दहा पक्षी मोजा, ते आकाशात केवढी जागा व्यापतात ते डोळ्यांत बसवा, मग शंभराचा तुकडा, मग हजाराचा, आणि तो तुकडा थव्यावर टाकत जा. सराव नसलेला माणूस मोठा थवा जवळजवळ नेहमी कमीच मोजतो, जाणकारही पुष्कळदा. १९४५ साली सालिम अली कच्छच्या रणात रोहितांच्या वसाहतीत उंटावरून गेले तेव्हा त्यांचा अंदाज एक लाखाहून अधिक नांदत्या घरट्यांचा आणि पाच लाखांच्या आसपास पक्ष्यांचा झाला. ठाण्याच्या खाडीत नोव्हेंबरपासून जमू लागणाऱ्या रोहितांची मोजणी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने २०१९च्या जानेवारीत केली, ती एक लाख वीस हजारांच्या वर गेली. लोकलच्या खिडकीतून वाशी पूल ओलांडताना लाखो प्रवाशांपैकी किती जणांची नजर त्या गुलाबी रेघेवर जाते, हे मात्र कुणी मोजलेलं नाही. १९८७पासून दर जानेवारीत होणाऱ्या आशियाई पाणपक्षी गणनेत गावोगावचे हौशी लोक आपापल्या तळ्यावर उभे राहून असेच दहा-दहाचे तुकडे टाकतात. शशांक दळवी यांनी २०१५ साली एका वर्षात भारतभर फिरून १,१२८ जाती पाहिल्या हा पराक्रम मोठाच. पण एकाच तळ्यावर दरवर्षी एकाच आठवड्यात उभं राहून ‘यंदा चक्रवाक चाळीस, गेल्या वर्षी नव्वद’ असं लिहिणारा माणूस मला त्याहून कमी वाटत नाही. डोयांगची गोष्टही कुणीतरी जाळी मोजली म्हणूनच पुढे सरकली.

सगळ्या जगाची बेरीज करण्याचा प्रयत्नही झाला आहे. २०२१मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी हौशी निरीक्षकांच्या कोट्यवधी नोंदी आणि शास्त्रीय गणना एकत्र करून सुमारे ९,७०० जातींचा हिशेब मांडला. उत्तर आलं पाच हजार कोटी पक्षी. चुकीला वाव प्रचंड, हे त्यांनीच सांगून टाकलं आहे. त्यात घरचिमण्या एकट्या एकशे साठ कोटी. दुसऱ्या टोकाला अकराशेहून अधिक जाती अशा, की प्रत्येकीचे जगात पाच हजारही पक्षी नाहीत. आपला माळढोक त्यातलाच, देशभरात मिळून दीडशेच्या आत. त्याच्यासाठी सोलापूरजवळ नान्नजला १९७९पासून अभयारण्य आहे आणि तिथे तो दिसणं हीच आता बातमी.

पाच हजार कोटींना माणसांच्या संख्येने भागलं तर माणशी सहा पक्षी येतात. सरासरी ही सरासरीच. प्रत्यक्ष वाटप झालं तर नान्नजच्या शेतकऱ्याला सहाच्या सहा भोरड्याच मिळतील, आणि त्या कणसावर बसल्या म्हणून तो सकाळी सहालाच गोफण घेऊन मचाणावर चढेल.